रुमालाखालची दोन बोटं

अक्का, माझा तुझ्यावर राग आहे. तो आधी सांगून टाकतो.

आज तुझा दहावा झाला. नदीत पाण्याचा थेंब नाही, म्हणून घागर घरूनच नेली. वाळूत बसून लोक तुझं कौतुक करत होते. सोशिक होती. कुणाला कधी त्रास दिला नाही. शेवटपर्यंत तोंडातून ब्र काढला नाही. मी मध्येच उठलो आणि कोरड्या पात्रातून लांबवर चालत गेलो. लोकांना वाटलं, किसनरावाला रडू आवरेना. रडू नव्हतं ते. ब्र काढला असतास तर आज तू ओट्यावर बसून मला शिव्या देत असतीस, हे त्यांना कोण सांगणार?

मी भांडण अर्ध्यात सोडत नाही, हे तुला माहीत आहे. तू मात्र सोडून गेलीस, आणि तेही माझी बोलायची पाळी असताना. म्हणून कागद घेऊन बसलो आहे. तुला वाचता येत नव्हतं. माझ्या सातवीपर्यंतच्या सगळ्या वह्या तू हुंगून परत ठेवायचीस आणि म्हणायचीस, ‘बरं लिवलंस.’ हाही कागद तसाच हुंग. तोंडी बोललो तर आवाज चढेल, आणि घरात अजून पाहुणे आहेत.

तू मला फसवलंस, अक्का. आणि पहिल्यांदा नव्हे.

बहात्तरच्या दुष्काळात तू खडी फोडायला जायचीस. नवरा जाऊन तुला दोन वर्षं झाली होती, आई-बाप त्याच्याही आधी गेले होते, आणि मी मिसरूड फुटलेला, सारखा भुकेला असणारा भाऊ. कामावर खायला मिळणारी सुकडी तू पदराच्या गाठीत बांधून आणायचीस. मी विचारायचो, ‘तुझी?’ तू म्हणायचीस, ‘म्या तिथंच खाल्ली.’ तिथं तू पाणी पिऊन यायचीस, हे मला सात-आठ वर्षांनी तुझ्यासोबत काम करणाऱ्या म्हातारीने सांगितलं. मी तुला जाब विचारला, तर तू चुलीत फुंकर मारत म्हणालीस, ‘आता काय त्याचं? पचली बी आसंल तुला.’

त्याच दुष्काळात लोक जनावरं मातीमोल सोडत होते. तूच मला म्हणालीस, ‘किसन, तुला जनावर कळतंय अन् तोंड बी हाय. जा बाजाराला.’ आज हाळीच्या जनावरांच्या बाजारात मला ओळखत नाही असा माणूस नाही. देवणी बैलाची जोडी घ्यायची तर लोक मला मध्ये घालतात. तोंडाने मी वाईट आहे, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. तू म्हणायचीसच, ‘तुझ्या बैलाला गिऱ्हाईक मिळतंय, तुझ्या तोंडाला मिळायचं न्हाई.’

आमचा सौदा तोंडाने होत नाही. घेणारा आणि देणारा हातात हात देतात, वर रुमाल टाकतात, आणि आत बोटं दाबून भाव सांगतात. बाहेर आम्ही दिवसभर खोटं बोलतो. म्हाताऱ्या बैलाला तरणा म्हणतो, मारक्याला गरीब म्हणतो. पण रुमालाच्या आत खोटं नाही. आत बोट दाबलं की तो शब्द झाला. तो फिरवणाऱ्याच्या हातावर पुन्हा कुणी रुमाल टाकत नाही. हा एक नियम मी आयुष्यात मोडलेला नाही. आणि तू तो मोडलास, तोही माझ्याच हातावर.

दुखणं सुरू झालं तेव्हा आपण त्याला वात म्हणालो. जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ यायची, तासाभराने जायची. ओवा झाला, हिंग झाला. मग उस्मानाबादला फोटो काढला आणि डॉक्टर म्हणाले, पित्ताच्या पिशवीत खडे आहेत. तू म्हणालीस, ‘सरकारची खडी फोडली, त्यातली थोडी चोरून आणली म्हणा की.’ डॉक्टर हसले. मीही हसलो. मग ते गंभीर झाले आणि म्हणाले, हसण्यावारी नेऊ नका, महिन्याभरात ऑपरेशन करून घ्या.

आता इथे मी माझं सांगतो. थांबू या असं मीच म्हणालो. लातूर वेगळा जिल्हा होणार हे नक्की झालं होतं. म्हटलं, उस्मानाबादला हेलपाटे कशाला घालायचे? आपला जिल्हा होतोय, सगळं आपल्या दारात येईल. बाजारात पहिल्या भावाला मान हलवणारा मूर्ख ठरतो, थांबणाऱ्याला चांगलं मिळतं. याच शास्त्रावर मी वर आलो. जिल्हा झाला. गावात गुलाल उधळला, बैलांच्या शिंगांना फुगे बांधले. मी गुलालाने माखून घरी आलो तर तू पोटाशी गरम वीट धरून बसली होतीस. ‘जिल्हा आला व्हय?’ तू म्हणालीस. ‘चांगलं झालं. डाक्टर कवा येतोय?’

डॉक्टर यायचे होते. लातूरला गेलो तर कळलं, पोटाची ऑपरेशनं करणारा डॉक्टर अजून आलेला नाही, येईल. मग मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या. चारा संपला, बाजार जनावरांनी भरला आणि मी कामात बुडालो. तुझी कळ महिन्याची होती ती आठवड्याची झाली, आठवड्याची होती ती रोजची. तू आधी तेल सोडलंस, मग भाकरी अर्धी केलीस, मग नुसतं ताक. कळ आली की तू गोठ्यात जायचीस आणि बसलेल्या गाईच्या पाठीला पाठ टेकून बसायचीस. मला वाटायचं, अक्काचा जनावरांवर लई जीव. बैल उठताना कोणत्या पायावर भार देतो यावरून त्याचं दुखणं सांगणारा मी. घरचं माणूस कशाला टेकून बसलंय हे मला दिसलं नाही.

शेवटी शांताच म्हणाली. तुझ्या भावजयीने मला आयुष्यात दोनदा दम दिला असेल, त्यातला हा एक. ‘वन्सं चालताना भिंतीला धरत्यात. तुमाला दिसत न्हाई का बघायचंच न्हाई?’

मी सोलापूरला नाही तर हैदराबादला चल म्हणालो. तू म्हणालीस, ‘परमुलखात मला कापू नकोस.’ मग नांदेडच्या एका ट्रस्टच्या दवाखान्याचं कळलं. तिथे मंगळवारी आणि शुक्रवारी एक डॉक्टर ऑपरेशनं करायचे.

अहमदपूरहून नांदेडच्या गाडीत बसलो तो दिवस आठवतो ना? गाडी खच्चून भरलेली. लोह्याच्या अलीकडे रस्ता असा की प्रत्येक खड्ड्याला तुझे ओठ पांढरे व्हायचे. मी विचारलं, ‘दुखतंय का?’ तू डोळे वटारलेस. ‘चारचौघांत काय इचारतूस? गप बस.’ तेव्हा मी खांद्यावरचा रुमाल काढला, तुझ्या हातावर टाकला आणि आत माझा हात घातला. ‘बोलू नको. बोटं दाब. एक म्हणजे सोसतंय, पाच म्हणजे न्हाई.’

तू इतकी हसलीस की पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली. ‘मला बैल समजलास व्हय रं?’ मग तू बोटं दाबलीस. तीन. आणि नांदेड येईपर्यंत हात सोडला नाहीस. एवढ्या वर्षांत आपण हातात हात घेऊन बसलो ती तेवढीच वेळ. दवाखाना लांब असता तर बरं झालं असतं, असं मला त्या गाडीत एकदा वाटून गेलं. हे तुला सांगितलं नव्हतं.

नांदेडला तुझा नंबर लागला, पण नंबर लागून काय उपयोग? दवाखान्याची विहीर आटली होती. टँकर येईल त्यावर ऑपरेशनं. पाण्याशिवाय हात कसे धुणार, खोली कशी धुणार? ज्याचं दुखणं जास्त त्याला आधी घ्यायचं, असं ठरलं होतं. आपण आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये चूल मांडली. तीन मंगळवार गेले, दोन शुक्रवार गेले. रोज सकाळी मी तुझ्या हातावर रुमाल टाकायचो. रोज तू दोन बोटं दाबायचीस. डॉक्टर फेरीला आले की मला विचारायचे, ‘आज कसं आहे?’ आणि मी छाती पुढे काढून सांगायचो, ‘फार न्हाई, सोसण्यासारखं हाय.’ रुमालाच्या आतला शब्द होता तो. मी शपथेवर सांगितला असता. तुझं नाव रोज खाली जात होतं ते माझ्या तोंडाने.

आपल्या शेजारच्या चुलीवर मुखेडकडची गंगा होती. तिच्या पोटात गाठ, अंगावर पिणारं लेकरू, सोबत सासू. ते लेकरू दिवसभर तुझ्याच मांडीवर. मला त्याचंही कौतुक नव्हतं. मी म्हणालो, ‘पोटावर वजन कशाला घेतेस?’ तू म्हणालीस, ‘ऊब लागती. विटंपरीस बरं.’

मग तो मंगळवार. वरच्या सगळ्यांची झाली होती, यादीत दोनच नावं उरली होती, तुझं पहिलं आणि गंगेचं दुसरं. सकाळी सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, टाकीत एकाच ऑपरेशनपुरतं पाणी आहे. दुसरीसाठी पाणी येतंय का, याची वाट डॉक्टर बारापर्यंतच बघतील. गंगेची सासू रडायला लागली. मी उठलो. एवढे दिवस पत्र्याखाली बसून अंगाला मुंग्या आल्या होत्या. म्हणालो, ‘रडू नका. अक्का, तू जा आत. हिच्या पाण्याचं मी बघतो. बाराच्या आत टँकर दारात नसला तर नावाचा किसन न्हाई.’

टँकर मिळाला लोह्याच्या रस्त्यावर, एका बागायतदाराच्या विहिरीपाशी. टँकरवाला अडेलतट्टू निघाला. त्याने वेळ काढला. मी टँकर घेऊन दवाखान्यात शिरलो तेव्हा दोन वाजून गेले होते. टपावर बसून आलो मी, वरातीसारखा. आणि बघतो तर तू शेडच्या खांबाला टेकून बसलेली. मांडीवर गंगेचं लेकरू.

‘तू हितं कशी?’

‘गंगीला घेतलं आत. झालं बी. चांगलं झालं म्हणत्यात.’

‘कुणी सांगितलं तिला घ्यायला?’

‘म्या.’

डॉक्टर निघून गेले होते. ऑपरेशनचा पुढचा वार शुक्रवार. मी काय काय बोललो ते सगळं आठवतं. धर्मशाळा काढलीस का, म्हणालो. माझं मेलेलं ढोरसुद्धा मी असं फुकट देत नाही, म्हणालो. वॉर्डातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. तू लेकराच्या कानावर हात ठेवलास. ‘किती वरडतूस? शुक्रवार काय लई लांब हाय? झोपलंय ते, उठंल.’

मी तुझ्याशी बोलायचं बंद केलं. बुधवारी सकाळी रुमाल टाकला नाही. तेव्हा तूच माझ्या खांद्यावरून रुमाल ओढलास, स्वतःच्या हाताने टाकलास आणि आत माझ्या तळव्यात मूठ दिलीस. बंद मूठ. एकही बोट नाही. ‘दुखायचं राहिलं बघ,’ तू म्हणालीस आणि खरोखर हसलीस. तुझा चेहरा मोकळा झाला होता. मी हात काढून घेतला. माझा राग गेला नव्हता.

पिशवी फुटली की कळ थोडा वेळ थांबते, हे मला नंतर सांगितलं. बुधवारी दुपारी ताप चढला. गुरुवारी पोट पाटीसारखं कडक झालं. डॉक्टरांना बोलावलं, ते वार नसताना आले, तयारी करा म्हणाले. टाकी काठोकाठ भरलेली होती. मी आणलेल्या पाण्याने. ते हात धूत असतानाच तू गेलीस.

काल शांताने तुझी लुगडी धुवायला काढली. एक घेऊन ती माझ्याकडे आली आणि माझ्यापुढे ठेवून गेली. नांदेडला नेसायचीस ते हिरवं. पदराचा काठ चावून चावून जाळी झालेली. दातांच्या खुणा ओळीने. मी जनावराचे दात बघून वय सांगतो, कुणी किती लपवलं तरी सांगतो. त्या पदराकडे बघून मला कळलं, ते दोन कधीच नव्हतं. तिथं गेल्यापासून रोज पाच होतं. पदर तोंडात आणि बोटं माझ्या हातात. एकीकडे खरं, दुसरीकडे खोटं.

का केलंस, अक्का? मी डॉक्टरशी भांडेन म्हणून? धंदा सोडून तिथं अडकलो म्हणून? का सुकडीसारखंच, सवय म्हणून? पाच दाबली असतीस तर मी दवाखाना डोक्यावर घेतला असता. आणि एवढं करून शेवटी मिळालेली पाळीही तू देऊन टाकलीस. हे मी तुला माफ करणार नाही.

*

इथपर्यंत लिहून कागद पेटीत ठेवला होता. आज तुझा तेरावा झाला.

जेवणं उरकत आली तेव्हा गंगा आली. तिच्या सासूबरोबर, लेकरू घेऊन, मुखेडहून दोन गाड्या बदलून. अजून वाकून चालते. मी तिच्याशी बोलणार नव्हतो. शांताने तिला जेवायला वाढलं, तिने ताट तसंच ठेवलं आणि माझ्यासमोर येऊन खाली बसली.

मी विचारलं. राहवलं नाही. ‘त्या दिवशी तू मागितलीस का तिची पाळी?’

‘न्हाई हो, मामा,’ ती म्हणाली. ‘म्या नगं नगंच म्हणले. त्यांनी डाक्टरला दोन बोटं दाखवली अन् म्हणल्या, माझं एवढंच दुखतंय, हिला घ्या. मला म्हणल्या, तू हो म्होरं, लेकरू भुकेलं हाय. माझा भाऊ पाणी आणाया गेलाय. बाराच्या आत येतो म्हणलाय. त्यो रिकाम्या हातानं येत नसतो अन् वाकडं बोलला तरी शब्द मोडत नसतो. मी बाराला जाते आत.’

मग तिची सासू म्हणाली, ‘बारापतुर त्या दाराकडंच बघत व्हत्या. दारावर भोंगा वाजला की म्हणायच्या, आला बघ किसन.’

गंगेचं लेकरू रांगत माझ्या रुमालाशी आलं. मी त्याला उचललं नाही. मला उचलता आलं नाही.

अक्का, तू पाळी देऊन टाकली नव्हतीस. माझ्या भरवशावर तासा-दोन तासांसाठी सरकून बसली होतीस, बाकावर जागा करून द्यावी तशी. आणि मी तेरा दिवस तुझ्यावर दात खात बसलो.

आता माझी बोटं दाबतो. वर रुमाल आहे असं समज.

टँकरवाला अडेलतट्टू नव्हता. साधा माणूस होता. मी पोचलो तेव्हा दहा वाजले होते आणि टँकर भरून, झाकण लावून, लिंबाखाली उभा होता. त्याने दर सांगितला. दुष्काळात जेवढा असायचा तेवढाच होता. मी म्हणालो, फार होतो. बैलाच्या सौद्यात करतो तसा पाठ फिरवून वीस पावलं चालत गेलो, तो हाक मारील म्हणून. त्याने मारली नाही. म्हटलं, बसू या, तापेल आणि खाली येईल. समोर हॉटेल होतं. तिथून टँकर दिसत होता. घाई दाखवायची नाही, हे माझं शास्त्र. घाई नव्हतीच मला. माझ्या मनाने तू आत टेबलावर होतीस, तुझं पाणी तुला मिळालं होतं. हे पाणी दुसऱ्या बाईचं होतं. माझ्या माणसाचं असतं तर मी त्याने सांगितलेला दर कानावर पडण्याआधीच गाडीत चढलो असतो.

तू दाराकडे बघत होतीस तेव्हा मी चहा पीत होतो, अक्का. एक पिऊन झाला, तो तरी हाक मारीना, म्हणून दुसरा सांगितला.